गोचिडीपासून पॉलिसीपर्यंत

(दृश्य: परळ. पावसाळी सकाळ, दवाखान्याचं फाटक, मालकांच्या मांडीवर कुत्री, पिशव्यांमधून डोकावणारी मांजरं.)

बैलघोडा हॉस्पिटल परळला कुणालाही विचारा, बोट दाखवतील. कागदोपत्री हे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. एकोणिसाव्या शतकात मुंबईचा भार ओढणाऱ्या बैलाघोड्यांवर इथे उपचार व्हायचे. आता घरातल्या कुत्र्यामांजरांना घेऊन लोक येतात, आणि पावसाळ्यात हमखास येतो तो टिक फीव्हर. गोचीड ताप.

(दृश्य: कुत्र्याच्या कानाची घडी, अगदी जवळून.)

गोचीड सापडते कानाच्या घडीत, पायाच्या बोटांत, पट्ट्याखाली. रक्त पिऊन टम्म फुगली की मादी गळून पडते आणि भिंतीच्या फटीत, फरशीच्या सांध्यात हजारावर अंडी घालते. म्हणून नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही, घरही साफ करावं लागतं. गोचिडीतून एर्लिकिया किंवा बॅबेसियाचे जंतू रक्तात शिरतात. ताप चढतो, प्लेटलेट घसरतात, कधी नाकातून रक्त येतं.

(दृश्य: ओठ वर करून हिरडीवर टेकलेला अंगठा.)

हे घरी करून पाहा. ओठ उचला, हिरडी दाबा, सोडा. पांढरी पडलेली जागा दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी मुळातच फिकट दिसली, तर उद्यावर ढकलू नका. एर्लिकियावरच्या गोळ्या साधारण चार आठवडे चालतात. तिसऱ्या दिवशी कुत्रं शेपूट हलवायला लागतं आणि मालक गोळ्या थांबवतात. डॉक्टर डोक्याला हात लावतात, तो इथे.

(दृश्य: खिडकीत बसलेलं मांजर.)

मांजराचं गणित वेगळं. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. तेच थेंब मांजराला टाकले, तर झटके येतात. ताप आला म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्याच्या जिवावर बेतू शकते. आणि मांजर चार पायांवर उतरतं म्हणून वरच्या मजल्यावरची खिडकी उघडी ठेवणाऱ्यांना काय म्हणावं! जाळी बसवा.

(दृश्य: लसीचं पुस्तक, चिकटवलेलं स्टिकर, तारीख, सही.)

आता पैशाचं. रक्ताच्या तपासण्या, सलाईन, वेळ आली तर रक्त चढवणं. बिल बघता बघता वाढतं. पाळीव प्राण्यांचा विमा आपल्याकडे मिळतो. पण पॉलिसीतली बारीक अक्षरं आधी वाचा. जुना आजार सहसा धरत नाहीत. पॉलिसी घेतल्यावर लगेचच्या आजारपणाला पैसे मिळत नाहीत, काही दिवस थांबावं लागतं. लस चुकली असेल, तर त्या लसीने टळणाऱ्या आजाराचा क्लेम बहुधा नाकारला जातो. म्हणून हे पुस्तक महत्त्वाचं. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, रेबीजची तीन महिन्यांच्या सुमारास. पुढचे डोस डॉक्टर लिहून देतील त्या तारखांना. पानांचे फोटो मोबाइलमध्येही ठेवा. पावसात पुस्तकं भिजतात.

(दृश्य: पांढऱ्या मिशांचा म्हातारा कुत्रा, पायरीवर.)

याच्यासारख्या म्हाताऱ्या कुत्र्याला नवी पॉलिसी मिळणं अवघड, वयाची अट आडवी येते. अशा घरांनी विम्याच्या मागे धावण्यापेक्षा बँकेत महिन्याचं एक छोटं आरडी उघडावं. आणि घरातल्यांनी मिळून आधीच ठरवावं, की त्या पैशाला औषधपाण्याशिवाय हात लावायचा नाही.