गाणारी तीच, बोलणारी पण तीच

(दृश्य: सांगली, आयर्विन पूल, सकाळची वर्दळ. मागं हळू आवाजात गाणं.)

सैराट झालं जी हे गाणं तुम्ही वरातीत, वडापच्या गाडीत, गणपतीच्या मांडवात, कुठं ना कुठं ऐकलंयच. त्यातला अजय गोगावलेचा आवाज शेंबडं पोरगं पण ओळखतंय. पण त्यातली बाई कोण असं इथं स्टँडवर उभं राहून विचारा, बहुतेक जण श्रेया घोषाल म्हणून मोकळे होतील. श्रेयाचं गाणं त्याच पिक्चरमधलं वेगळं, आताच बया का बावरलं. ही चिन्मयी श्रीपाद.

जन्म मुंबईचा, १९८४ चा, घर तमिळ, आणि करिअर सगळं चेन्नईत. सन टीव्हीवर सप्तस्वरंगळ नावाचा गाण्याचा रिॲलिटी शो होता, समजा आपल्या सारेगमपसारखा, तो तिनं जिंकला. आता शो जिंकून पुढं नुसत्या ऑर्केस्ट्रात राहिलेली पोरं काय कमी आहेत का, पण हिचं तसं झालं नाही. गायक श्रीनिवास यांनी तिला ए. आर. रहमानपर्यंत नेलं आणि २००२ मध्ये मणिरत्नमच्या कन्नत्तिल मुत्तमिट्टाल पिक्चरमध्ये पहिलंच गाणं असं मिळालं की तमिळनाडू सरकारचा पुरस्कार घेऊनच आलं. पुढं हिंदीत गुरूमधलं तेरे बिना, चेन्नई एक्सप्रेसमधलं तितली, टू स्टेट्समधलं मस्त मगन, ही यादी तुम्हाला यूट्यूबवर मिळेल, मी त्यात वेळ घालवत नाही.

मला सांगायचंय ते तिच्या दुसऱ्या कामाबद्दल.

(दृश्य: डबिंग स्टुडिओ, काचेपलीकडं माईक.)

२००६ साली सिल्लुनु ओरु कादल या तमिळ पिक्चरमध्ये भूमिका चावलाला हिनं आवाज दिला, म्हणजे गाण्याचा नाही, बोलण्याचा. साऊथमध्ये हे चालतंच, हिरॉईनला भाषा येत नसली की बोलणारी दुसरी. काम दिसतं तेवढं सोपं नाही. स्क्रीनवर तोच सीन परत परत फिरतो, कानात हेडफोन, आणि समोरच्या बाईचे ओठ प, ब, म ला मिटले की तुमचे पण नेमके तिथंच मिटायला पाहिजेत, हुंदका तिचा, दम तुमचा, आणि वर ॲक्टिंग पण करायची, ती पण माईकपासून न हलता. २०१० मध्ये तर गंमतच झाली. दिग्दर्शक गौतम मेननची एकच स्टोरी तमिळ आणि तेलुगूत एकाच दिवशी रिलीज झाली, जेसी नावाची पोरगी तमिळमध्ये त्रिशा, तेलुगूत समंथा, आणि बोलत होती दोन्हीकडं चिन्मयी! तेलुगूसाठी तिला डबिंगचा नंदी पुरस्कार, म्हणजे आंध्र सरकारचा, तो पण मिळाला.

(दृश्य: हरिपूर, कृष्णा वारणेचा संगम. मग विष्णुदास भावे नाट्यमंदिर.)

आता सांगलीकर म्हणून मला यात इतका इंटरेस्ट का. हे नाटकाचं गाव. १८४३ ला भाव्यांनी इथंच सीतास्वयंवर केलं, देवल या हरिपूरचे, बालगंधर्वांचं नागठाणं इथनं जवळच. संगीत नाटकात नटाला गद्य पण तेच आणि पद पण तेच, बोलता बोलता स्वर लागायचा आणि कुठं सांधा दिसायचा नाही. पिक्चरमध्ये प्लेबॅक आलं आणि ते तुटलं, हिरॉईन बोलते एका आवाजात आणि गाते दुसऱ्याच, आपल्याला सवय झाली म्हणून खटकत नाही एवढंच. आशाताई पण सांगलीतच जन्मल्या, १९३३ ला, किती हिरॉईन त्यांच्या आवाजात गायल्या, पण बोलल्या आपापल्याच.

चिन्मयीनं तो सांधा परत जुळवला. २०१८ चा ९६ नावाचा तमिळ पिक्चर बघा, हिरॉईन त्रिशा, बोलणारी आणि गाणारी चिन्मयी. त्यात जानूला, म्हणजे त्रिशाला, शाळेपासून हिरो राम एकच गाणं म्हणायला सांगतो, यमुनै आट्रिले, आणि ती कायम टाळते. मग इतक्या वर्षांनी त्याच्या घरी रात्री लाईट जाते आणि अंधारात ती एकदम सुरू करते, पेटी नाही तबला नाही काही नाही. चेहरा त्रिशाचा, पण आत्ता बोलत होता तोच गळा गायला लागतो, म्हणून ते प्लेबॅक वाटतच नाही, बाई खरंच गातीय असं वाटतं. माझ्या मते तिचं सगळ्यात भारी काम हेच.

आणि त्याच वर्षी तमिळमधलं डबिंगचं काम बंद पडलं. मीटू मध्ये तिनं एका बड्या गीतकारावर जाहीर आरोप केले, त्यांनी ते नाकारले, आणि थोड्याच दिवसांत डबिंग युनियननं तिला काढून टाकलं, कारण दिलं वर्गणी थकल्याचं. आता वर्गणीसाठी नेमकी तीच वेळ सापडावी, यावर काय बोलायचं! तेलुगूत मात्र ती करत राहिली. २०२३ च्या लिओ या तमिळ पिक्चरमध्ये त्रिशासाठी परत बोलली. मग मे २०२५, ठग लाईफ पिक्चरचा ऑडिओ लाँच. मुत्त मळै हे गाणं तमिळमध्ये धी नावाच्या गायिकेनं गायलेलं, चिन्मयी हिंदी तेलुगूची गायिका, पण धी तिथं नव्हती म्हणून स्टेजवर ही उभी राहिली आणि ती क्लिप इतकी फिरली की लोक ओरिजिनल कुठलं तेच विसरले. धीवर जरा अन्याय झाला खरा, तिनं पण छान गायलंय.

तर ९६ बघणार असाल तर तमिळच बघा, सबटायटल लावून. डब केलेल्यात बोलणारी दुसरीच कोणीतरी असणार, मग त्या अंधारातल्या सीनला काय अर्थ राहिला.