सुकाणूशेजारचा संगणक

(दृश्य: ससून डॉक, पहाट. केबिनमधला दिवा मिणमिणतो आणि शेजारचा स्क्रीन काळा होतो.)

बोटीच्या इंजिनाला स्टार्टर मारला की केबिनमधला दिवा क्षणभर मंद होतो. दिव्याचं त्यात काही बिघडत नाही. त्याच बॅटरीवर नकाशा दाखवणारा संगणक असेल, तर तो मात्र बंद पडतो आणि परत उठायला मिनिटभर घेतो. बंद पडलेलं इंजिन भर समुद्रात, मालवाहू जहाजांच्या वाटेत पुन्हा चालू करावं लागलं, तर ते मिनिट फार लांब वाटतं.

म्हणून बोटीसाठी संगणक घेताना दुकानात आधी प्रोसेसर विचारू नका. आधी विजेचं बघा.

स्टार्टर फिरताना 12 व्होल्टची बॅटरी 9-10 व्होल्टपर्यंत घसरते, जुनी असेल तर त्याहून खाली. इंजिन लागलं की अल्टरनेटर तिला 14.4 पर्यंत चढवतो. 24 व्होल्टच्या बोटीवर हाच आकडा 28.8 होतो. त्यामुळे 9 ते 36 व्होल्ट चालणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर घ्या, म्हणजे बॅटरीचे व्होल्ट वर-खाली झाले तरी संगणकाला एकसारखे व्होल्ट देणारी डबी. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शोधताना 9 ते 36 हे आकडे लेबलवर छापलेले आहेत का ते वाचा. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच लावा, म्हणजे वायर कुठेही घासून शॉर्ट झाली तरी पेटणार नाही. जमलं तर संगणकाची बॅटरी स्टार्टरपासून वेगळीच ठेवा.

आता संगणक कोणता? लॅपटॉप आणि इन्व्हर्टर ही जोडी सोपी वाटते, पण ती सहज 50 वॉट खाते आणि लॅपटॉपचा पंखा खारी हवा आत ओढत राहतो. रास्पबेरी पाय 4 सारखा छोटा बोर्ड आणि वेगळा स्क्रीन मिळून 20-25 वॉटमध्ये भागतं. म्हणजे 12 व्होल्टवर साधारण 2 अँपिअर, दिवसरात्र चालवलं तर 48 अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून 100 अँपिअर-तासाची लागते.

(दृश्य: बोर्डाच्या स्क्रीनवर कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह.)

हे चिन्ह दिसलं तर 5 व्होल्टवर चालणाऱ्या बोर्डाला 4.63 व्होल्टपेक्षा कमी मिळतंय. बहुतेक वेळा दोष कन्व्हर्टरचा नसून बारीक यूएसबी वायरीचा असतो. 3 अँपिअर नेताना अशी मीटरभर वायर अर्धा व्होल्ट गिळते. कन्व्हर्टर बोर्डाशेजारी बसवा. लांब वायर 12 व्होल्टच्या बाजूला ठेवा, जाड घ्या.

मेमरी कार्डावर सिस्टिम चालवू नका. लिहिता लिहिता वीज गेली की कार्ड खराब होतं. यूएसबीवरची एसएसडी लावा. पंख्याऐवजी ॲल्युमिनियमची बंद पेटी बरी, पण ती इंजिनाच्या भिंतीला टेकवू नका. 80 अंश सेल्सिअस झालं की बोर्ड आपोआप मंदावतो.

स्क्रीन मात्र घरचा चालणार नाही. ऑफिसच्या स्क्रीनची चमक 250-300 निट, तर उन्हात वाचायला 1000 च्या आसपास लागते. टचस्क्रीनवर शिंतोडे उडाले तर नकाशा स्वतःहून सरकायला लागतो. रबरी वायरचा माउस जवळ ठेवाच.

जीपीएस यूएसबीला लावल्यावर विंडोजवर कधी कधी बाण वेड्यासारखा उड्या मारतो, खिडक्या उघडतो. व्हायरस नाही! येणाऱ्या आकड्यांना विंडोज जुना सिरिअल माउस समजतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो माउस डिसेबल केला की बाण शांत. आकडे येण्याचा वेगही (बॉड रेट) जुळवा: जीपीएस बहुधा 4800, एआयएस रिसीव्हर, म्हणजे आसपासच्या जहाजांची जागा रेडिओवरून कळवणारं यंत्र, 38400. चुकलं तर आकड्यांऐवजी कचरा दिसतो. मांडव्याकडे जाताना जहाजांचा मार्ग ओलांडायचा असेल, तर एआयएस रिसीव्हर खर्च वसूल करतो.

समुद्राचा नकाशा दाखवणारं ओपनसीपीएन हे सॉफ्टवेअर फुकट आहे, नकाशे त्यात येत नाहीत. आपल्या पाण्याचे अधिकृत नकाशे देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. नकाशावरची खोली ओहोटीच्या नीचांकाजवळून मोजलेली असते. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत 4 मीटरहून जास्त फरक पडतो, त्यामुळे वेळ न बघता वाचलेला आकडा कामाचा नाही.

स्पीकर आणि स्क्रीन होकायंत्रापासून मीटरभर दूर. स्पीकरमधलं चुंबक त्याची सुई हलवतं, आणि संगणक बंद पडल्यावर हातात तेच होकायंत्र राहतं.

(दृश्य: धक्क्याला बांधलेली बोट. हात फ्यूज काढतो.)

बोट धक्क्याला बांधलेली असताना हा फ्यूज मुद्दाम काढा. फोन विमान मोडवर टाका, कारण किनारा लांब राहिला की नेटवर्क जातं. आता फोनवर नकाशा उघडून बोटीची जागा दिसायला किती सेकंद लागतात ते मोजा. नकाशा उघडलाच नाही, तर तो आधी उतरवून घेतलेला नाही. तो धक्क्यावरच उतरवा, मग दोर सोडा.