एअर-कूल्ड गाडीचा एक्झॉस्ट: आधी हवेची वाट, मग धुराची

मित्रहो, जुन्या एअर-कूल्ड गाडीला घरी एक्झॉस्ट बनवायचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास असतो तो आवाजाचा. आवाज मलाही आवडतो. पण आज मला हवेबद्दल बोलायचंय, कारण या गाड्यांमध्ये एक्झॉस्टची चूक आधी इंजिनाच्या तापमानात दिसते.

उदाहरणाला फोक्सवॅगन बीटल घेऊ. 2 कोटी 10 लाखांहून जास्त बनलेली गाडी आहे, त्यामुळे तिची रचना बऱ्याच जणांच्या हाताखालून गेलेली असते. मागच्या बाजूला चार सिलिंडरचं आडवं इंजिन, वर पंखा. पंख्याची हवा सिलिंडरच्या फिन्समधून, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या पातळ पात्यांमधून, खाली उतरते आणि गाडीच्या पोटाखालून बाहेर पडते. एक्झॉस्टच्या नळ्याही तिथेच, खाली. वरची थंड हवा आणि खालची गरम हवा यांच्यामध्ये उभा असतो फक्त पातळ पत्रा आणि त्याच्या कडेचं रबर. नवा हेडर (सिलिंडरांपासून धूर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा) बसत नाही म्हणून लोक तो पत्रा कापतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. मग नळ्यांनी तापवलेली हवा वर चढते, पंखा तीच ओढतो आणि हेड, म्हणजे सिलिंडरचं डोक्याकडचं झाकण, तापत जातं.

भोकांचंही तसंच. मूळ मफलरमधून एक बारीक नळी वर जाऊन इनटेक मॅनिफोल्डला (कार्ब्युरेटरमधून हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीला) ऊब देते. दोन कार्ब्युरेटर लावून ती नळी काढली, तर पत्र्यातली तिची भोकं झाकायलाच हवीत. मधोमध एकच कार्ब्युरेटर ठेवणार असाल तर ती नळी नव्या हेडरवरही घ्या. नाहीतर थंडीत मॅनिफोल्डवर दव धरतं, कधी बर्फही, आणि ॲक्सिलरेटर दाबला की गाडी गुदमरते. हीट एक्स्चेंजर (एक्झॉस्टच्या नळीभोवतीचं, केबिनच्या हीटरसाठी हवा तापवणारं कवच) काढून साध्या नळ्या टाकणाऱ्यांनी पंख्याच्या खोक्याची दोन्ही बाजूंची हीटरची तोंडं बंद करावीत. ती उघडी राहिली तर हेडसाठीची हवा तिथूनच वाया जाते.

आता नळ्यांची मांडणी. गाडीच्या मागे, तोंड पुढे करून उभे राहा. उजवीकडे पुढचा 1 नंबर, मागचा 2. डावीकडे पुढचा 3, मागचा 4. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-4-3-2. म्हणजे ठोके पडतात ते उजवा, डावा, डावा, उजवा असे. दोन्ही बाजूंना स्वतंत्र नळकांडी लावलीत तर प्रत्येक बाजूला दोन ठोके लागोपाठ येतात आणि मग मोठी पोकळी. चौघांना एकत्र आणलं तर क्रँकच्या दर 180 अंशांना एक ठोका येतो. शिवाय चारही नळ्यांची लांबी सारखी ठेवली, की एकाच्या धुराचा झोत पुढच्याला ओढून नेतो. कलेक्टरमध्ये, म्हणजे चारही नळ्या जिथे एकत्र येतात तिथे, तोंडं गोलाकार लावताना 1, 4, 3, 2 याच क्रमानं लावा, म्हणजे झोत क्रमानं फिरत राहतात. अडचण अशी की 2 आणि 4 ची तोंडं मागे आहेत, कलेक्टरच्या अगदी जवळ, तर 1 आणि 3 ची पुढे. त्यामुळे मागच्या नळ्यांना मुद्दाम वळसे द्यावे लागतात. आडव्यातिडव्या नळ्या दिसतात त्या यासाठी.

व्यासात हाव नको. 1600 सीसीच्या साध्या इंजिनाला 35 मिलिमीटरची नळी पुरते. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वाढवलेल्या इंजिनाला 38. त्याहून जाड नळीत धुराचा वेग मरतो आणि खालच्या आरपीएमला गाडी ओढत नाही.

माझा पहिला हेडर मी जमिनीवर, स्टँडवरच्या इंजिनाला बनवला होता. सुरेख बसला. इंजिन गाडीत चढवलं, आणि काही आठवड्यांनी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) ॲडजस्ट करायला गेलो तर डावीकडचं टॅपेट कव्हर निघेना. कव्हर धरून ठेवणारी तारेची कडी खाली ओढायला बोटभरही जागा नव्हती, नळी अगदी तिथून गेली होती. दर काही हजार किलोमीटरला करायच्या कामासाठी दर वेळी हेडर उतरवायचा? शेवटी ती नळी कापली आणि नव्यानं वळवली. तेव्हापासून मी टॅक (नळी जागेवर धरणारे वेल्डचे छोटे टाके) मारण्याआधी कव्हर काढून-घालून बघतो. पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांखाली नजर टाकतो, कारण त्यांच्या सीलमधून तेल ठिबकतं आणि तापल्या नळीवर पडलं की धूर होतो.

दुसरी गोष्ट टांगण्याची. बीटलचं इंजिन गिअरबॉक्सला चार ठिकाणी आवळलेलं असतं आणि दोन्ही मिळून रबरावर डोलतात. मफलर त्याच इंजिनावर टांगा. त्याचं शेपूट बॉडीला बांधलं तर प्रत्येक डोलण्याचा पीळ वेल्डवर येतो आणि फ्लँजच्या (नळीच्या टोकाच्या, नटांनी आवळायच्या चकतीच्या) मुळाशी केसासारखी चीर पडते. कलेक्टरला स्लिप जॉइंट (एकात एक सरकणारा सांधा) आणि स्प्रिंग द्या. स्टेनलेसची एक मीटर नळी 500 अंशांनी तापली तर साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते, साधं पोलाद सहा. त्या वाढीला कुठेतरी जागा लागते.

स्टेनलेस टिग वेल्डिंगनं जोडताना नळीच्या आतूनही आर्गॉन सोडा. आत हवा राहिली तर सांध्याची आतली बाजू काळी, खडबडीत, साखरेच्या खड्यांसारखी होते आणि तिथूनच तडकते. टॅक गाडीवर मारा, पूर्ण वेल्ड मात्र फ्लँज जाड पट्टीला आवळूनच. फ्लँज वाकला तर कोणतंही गॅस्केट त्याला वाचवत नाही.

आणि इथे मला आवाज चढवून सांगायचंय. बीटलचा हीटर एक्झॉस्टच्या नळीभोवतीचीच हवा आत सोडतो. एक्स्चेंजरच्या आतल्या नळीला चीर गेली किंवा हेडजवळचं गॅस्केट फुंकलं, तर त्या हवेतून कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो. त्याला ना रंग ना वास. डोकं दुखतं, झापड येते, आणि गाडी चालवणाऱ्याला वाटतं की आपण दमलोय. एक्स्चेंजर जुने असतील तर त्यांच्यावर नवा हेडर चढवण्याआधी ते उतरवा, एक टोक बंद करून आत हवा भरा आणि साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर तो एक्स्चेंजर पुन्हा गाडीला लावायचा नाही.

पहिल्यांदा इंजिन चालू कराल तेव्हा थंड असतानाच शेपटाला जाड चिंधी क्षणभर दाबा आणि हेडजवळ कान द्या. फुसफुस ऐकू आली तर तिथं गळती आहे. ती तिथे असेपर्यंत लॅम्ब्डा सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडाही खरा धरू नका, बाहेरची हवा आत ओढली जाऊन मिश्रण आहे त्यापेक्षा कोरडं, म्हणजे कमी पेट्रोलचं, दिसतं. दोन-तीन वेळा तापून निवल्यावर हेडला एक्झॉस्ट धरणारे नट पुन्हा आवळा, पण हलक्या हातानं, 20 न्यूटन-मीटरच्या आसपास. हेड ॲल्युमिनियमच्या मऊ मिश्रधातूचं आहे, जोर जास्त झाला की स्टड आटे घेऊनच बाहेर येतो. मग केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा मीटर ठेवून, खिडक्या बंद करून, हीटर पूर्ण उघडा आणि इंजिन चालू ठेवून गाडीबाहेर उभे राहा. काचेतून मीटर वाचा. आकडा शून्यावरच राहिला की आत बसा.