कापडाचा एक चौकोन

मंडळी, २६ जूनला, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिनाला, मला एखाद्या तरी शाळेतून चित्रस्पर्धेचं परीक्षण करायला बोलावणं येतं. मुलं जीव ओतून काढतात, पण चित्रं ठरलेली: कवटी, साप, सिरिंज, गटाराशेजारी पडलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी बक्षीस समारंभ संपल्यावर एक मुलगी हळूच जवळ आली. तिनं चित्र दिलंच नव्हतं. म्हणाली, "सर, माझा काका व्यसनमुक्ती केंद्रात आहे. तो असा दिसत नाही." त्या दिवसापासून मी कवटीला बक्षीस दिलेलं नाही.

गर्द ओढणाऱ्याला आपण 'गर्दुल्ला' म्हणून मोकळे होतो. घरचे मग शेजाऱ्यांना सांगतात, तो नाशिकला नोकरीला आहे. बहिणीचं लग्न उरकेपर्यंत उपचार पुढं ढकलले जातात, आणि तेवढ्यात आजार हाडीमासी खिळतो. कवटीचं चित्र ही लाज आणखी घट्ट करतं.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियानं भिंतीचा वेगळा उपयोग केला. १९८४ मध्ये तिथल्या महापालिकेनं भिंती रंगवून विद्रूप करणाऱ्या मुलांसाठी उपक्रम सुरू केला आणि जेन गोल्डन या चित्रकर्तीला कामाला लावलं. त्यातून पुढं हजारो भित्तिचित्रं झाली. नंतर शहराच्या मानसिक आरोग्य विभागाबरोबर 'पोर्च लाइट' सुरू झालं. त्यात व्यसनातून सावरणारी माणसं, त्यांचे शेजारी आणि चित्रकार एकत्र बसून चित्राचा विषय ठरवतात.

मला सगळ्यात भावते ती त्यांची पद्धत. चित्र थेट भिंतीवर काढत नाहीत. पॅराशूटच्या कापडासारख्या पातळ कापडाचे चौकोन करतात, त्यावर रेषा आणि रंगांचे आकडे आखून देतात. मग कुणीही यावं, एक चौकोन रंगवावा. ज्याचा हात थरथरतो त्यालाही जमतं. नंतर ते तुकडे भिंतीवर चिकटवून जोडतात. रंगवताना नजर खाली असते, हात गुंतलेले असतात, 'किती दिवस झाले सोडून?' असं कुणी विचारत नाही. समोर बसलेली आजी निळा रंग मागते, तुम्ही पुढं करता. व्यसनी माणसाला 'जरा हे दे' असं शेवटचं कुणी कधी म्हटलेलं असतं?

येल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी काही वर्षं पाहणी करून २०१५ मध्ये अहवाल दिला. नव्या भित्तिचित्रांच्या आसपास राहणाऱ्यांच्या मनातली अशा रुग्णांबद्दलची अढी तुलनेनं कमी झाल्याचं त्यांना दिसलं.

रंगानं विथड्रॉवल, म्हणजे नशा सोडल्यावर शरीराला होणारा त्रास, थांबत नाही, त्याला डॉक्टर आणि औषधच लागतं. २०१७ मध्ये त्याच शहरात अमली पदार्थांच्या अतिसेवनानं १,२१७ माणसं दगावली. त्याच वर्षी केन्सिंग्टन या सर्वाधिक होरपळलेल्या वस्तीत, रेल्वेच्या उन्नत मार्गाखाली, एका दुकानाच्या गाळ्यात कलेची खोली उघडली. ज्यांचं अजून सुटलेलं नाही, त्यांनीही आत यावं, चहा घ्यावा, काही करत बसावं.

आपल्याकडे १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अनिल अवचटांच्या हातात सतत ओरिगामीचा कागद, लाकूड नाहीतर बासरी असायची. ही वाट आपल्याला परकी नाही.

यंदा त्याच शाळेनं पुन्हा बोलावलं. मी म्हटलं, स्पर्धा नको, मागची भिंत द्या. शनिवारी कापड कापायला बसतोय. आमच्या व्यसनमुक्ती केंद्रातले आठजण येणार आहेत, आणि ती मुलगी काकाला घेऊन येतेय.