पपईचा चीक आणि फुईचा डबा

नमस्कार मंडळी. आज एन्झाइमबद्दल बोलायचंय, म्हणजे सजीवांतल्या रासायनिक क्रिया झटपट घडवणाऱ्या प्रोटीनबद्दल. पुस्तकात विकर म्हणतात, आम्ही लॅबमध्ये एन्झाइमच म्हणतो. माझं कामच ते आहे, एन्झाइम शुद्ध करायचं आणि कारखान्यात वापरता येईल असं टिकवायचं.

मटणात कच्च्या पपईची फोड टाकतो ना आपण, तिथे मटण मऊ करतं ते पपेन. पपईच्या चिकातलं एन्झाइम, प्रोटीन तोडतं. तर हेच पपेन चामड्याच्या कारखान्यात लागतं, बिअर गार केल्यावर गढूळ होऊ नये म्हणूनही घालतात.

एमएस्सीला माझा प्रोजेक्ट पपेनवरच होता. माझ्या फुईचा, म्हणजे आत्याचा, शहाद्याजवळ पपईचा मळा, ऑक्टोबरचे दिवस, पहाटेच आम्ही दोघं मळ्यात गेलो. पूर्ण वाढलेलं पण हिरवं फळ बघायचं, वरून खाली चार बारीक चिरा मारायच्या, दोन-तीन मिलिमीटरच, की दुधासारखा चीक टपटप गळायला लागतो. तो बोटांना लागला तर कातडी सोलून निघते म्हणून फुईने माझ्या हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. मी घाईघाईत गोठ्यातला तेलाचा जुना पत्र्याचा डबा उचलला तर ती म्हणाली, "लोखंडना डबामा चीक काळा पडस रे." मी म्हटलं काही होत नाही फुई, आणि डबा मांडीवर घेऊन एसटीने जळगावला निघालो, भर उन्हात, दोन बस बदलून.

लॅबमध्ये टेस्ट साधी, चीक दुधात टाकायचा आणि दूध किती वेळात फाटतं ते घड्याळावर बघायचं. अर्धा तास झाला, दूध जसंच्या तसं! डब्याच्या तळाशी चीक काळपट पडलेला. पपेनचा जो भाग काम करतो तिथे गंधक असतो, तो हवेने, धातूने बिघडतो, आणि वरून ऊन. रडायलाच आलं मला.

पुढच्या आठवड्यात परत गेलो. फुईने स्वतःचा लोणच्याचा प्लास्टिकचा डबा धुवून दिला, मी थर्माकोलच्या पेटीत बर्फ नेला होता. यावेळी दूध ५२ सेकंदात फाटलं, वहीत अजून लिहिलेलं आहे.

शुद्ध करायची रीत थोडक्यात सांगतो. अमोनियम सल्फेट, एक मीठच ते, टाकत गेलं की प्रोटीन खाली बसतं, मग अगदी बारीक छिद्रांच्या पातळ पडद्याच्या नळीत भरून रात्रभर थंड द्रावणात ठेवायचं म्हणजे मीठ बाहेर निघून जातं, मग कॉलममधून, म्हणजे बारीक दाणे भरलेल्या उभ्या नळीतून, थेंब थेंब. आणि सगळं थंड. परत सांगतो, थंड, कारण एन्झाइम उष्णतेने निकामी होतं. कपड्यांच्या एन्झाइमवाल्या पावडरचंही तेच, उकळतं पाणी ओतू नका, कोमट पाण्यात भिजत घाला.

एन्झाइमचे पहिले स्फटिक १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी मिळवले, आपल्या अबईच्या जातीच्या शेंगांच्या दाण्यांतून, नऊ वर्षं खपून. सतराव्या वर्षीच एक हात गेलेला माणूस! एन्झाइम म्हणजे प्रोटीन हे मोठमोठे लोक बरीच वर्षं मानत नव्हते, पुढे १९४६ ला त्यांना नोबेल मिळालं.

फुईचा डबा अजून माझ्या कोल्डरूममध्ये आहे. त्यात आता पेक्टिनेज ठेवतो, फळांतलं चिकट पेक्टिन तोडणारं एन्झाइम; रावेरच्या केळीचा रस नुसता गाळून स्वच्छ होत नाही, तो याने होतो. केळीचं पुढच्या भागात.