साखरेचा खिसा

(पडद्यावर: व्हिएन्नाच्या राजवाड्यातली घोडेस्वारीची शाळा. सकाळ. उंच खिडक्यांतून तिरपं ऊन.)

ही व्हिएन्नाची स्पॅनिश रायडिंग स्कूल. 55 मीटर लांब, 18 मीटर रुंद, 17 मीटर उंच. भोवती 46 खांब, छताला झुंबरं. राजाचा दिवाणखानाच म्हणाल. फक्त गालिच्याच्या जागी भुसभुशीत माती आहे आणि मानाचे पाहुणे टापा वाजवत येतात.

1735 साली ही वास्तू पुरी झाली. बांधून घेतली सम्राट सहाव्या कार्लने. त्याचं चित्र समोरच्या भिंतीवर आहे. आत येणारा प्रत्येक स्वार आधी त्या चित्राकडे बघून टोपी काढतो. मग काम सुरू. आवाज येतो तो घोड्यांच्या फुरफुरण्याचा आणि खोगिराच्या चामड्याचा.

मराठीत घोडा शिकवणाऱ्याला चाबूकस्वार म्हणतात. म्हणजे आपण नावातच हत्यार देऊन टाकलंय. या शाळेतल्या स्वाराच्या हातातही बर्चच्या झाडाची बारीक फांदी असते, नाही असं नाही. पण त्याच्या तपकिरी कोटाचा जो भाग मागे शेपटासारखा लोंबतो, त्यात एक छुपा खिसा शिवलेला असतो. त्यात साखर. घोड्याला तो खिसा पाठ असतो.

(पडद्यावर: जुनं छायाचित्र. खोगिरावर ताठ बसलेले एक अधिकारी.)

हे आलोइस पोडहाइस्की. 1939 पासून 1964 पर्यंत या शाळेचे प्रमुख.

जन्म 1898 चा, मोस्तार गावचा. आज ते गाव बोस्नियात आहे, तेव्हा तिथे ऑस्ट्रिया-हंगेरीचा अंमल होता. वडील लष्करात, मुलगाही लष्करातच गेला, तोही घोडदळात. पण पहिलं महायुद्ध पेटलं आणि घोडदळातल्या या तरुणाची बहुतेक लढाई पायीच झाली. युद्ध संपलं तेव्हा ज्या साम्राज्यासाठी लढले ते साम्राज्यच उरलं नव्हतं.

पुढे ऑस्ट्रियाच्या नव्या, छोट्याशा सैन्यात त्यांना परत घोडा मिळाला. ओढा होता उड्यांचा, म्हणजे अडथळ्यांवरून घोडा उडवण्याचा. त्यांच्या कर्नलने सांगितलं, आधी ड्रेसाज शीक. ड्रेसाज म्हणजे सपाट मैदानावर घोड्याची चाल, तोल आणि आज्ञा घडवण्याची विद्या. उड्या मारणाऱ्या तरुणाला हे कंटाळवाणं वाटण्यासारखंच. पण केलं, आणि घोडा अडथळ्यांवरूनही जास्त चांगला जायला लागला. इथेच त्यांची वाट वळली.

1933 साली सैन्याने त्यांना या शाळेत पाठवलं. वय पस्तीस, आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकलेला अधिकारी, आणि आता पुन्हा विद्यार्थी. पोलाक, झ्रुस्ट आणि लिंडेनबाउअर हे त्यांचे गुरू. तिथे पुस्तक समोर धरून शिकवण्याची रीत नव्हती. अठराव्या शतकातल्या गेरिनिएर या फ्रेंच उस्तादाची तत्त्वं मानायची खरी, पण ती एका स्वाराकडून दुसऱ्याकडे जायची तोंडी. आपल्याकडे गाणं शिकतात, तसंच काहीसं.

शिकलेलं कसाला लागलं 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये. घोडामैदान म्हणतात ते हेच! घोड्याचं नाव नीरो. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या जातीचा, पण शर्यतीच्या कामाचा नाही म्हणून बाजूला पडलेला. पहिली दोन पदकं जर्मन स्वारांनी नेली, तिसरं नीरोने.

(पडद्यावर: लिपिझ्झान घोडी आणि तिचं काळंभोर शिंगरू.)

आता शाळेतल्या घोड्यांविषयी. ही लिपिझ्झान जात. जन्मतः काळी किंवा तपकिरी, आणि हळूहळू पांढरी होत जाणारी. पुरतं पांढरं व्हायला सहा ते दहा वर्षं. शिक्षणालाही साधारण सहा वर्षंच लागतात. रंग उतरत जातो आणि विद्या चढत जाते. नाव दुहेरी असतं: पहिलं बापाच्या वंशाचं, दुसरं आईचं. प्रदर्शनात उतरतात ते मात्र सगळे नर.

साधारण चौथ्या वर्षी घोडा शाळेत येतो. पहिलं वर्ष बहुतेक सरळ रेषेत जातं. पाठीवर माणूस आला की कोवळ्या घोड्याचा तोल बिघडतो. माळावर त्याला जी चाल उपजत येत होती, तीच आता ओझ्यासकट पुन्हा सापडायला हवी. मग वळणं, वर्तुळं, बाजूला सरकत चालणं. अंग लवचीक होतं, मागचे पाय पोटाखाली येऊन भार घ्यायला लागतात. नंतर शेवटचा टप्पा, ज्यासाठी प्रेक्षक तिकीट काढतात.

तो जवळून बघू.

(पडद्यावर: मंद गतीत, लेवाद.)

घोडा भडकला की झाड होतो, मागच्या पायांवर सरळसोट उभा. ते कुठलाही घोडा करतो, आणि करतो ते सुटका करून घ्यायला. ही लेवाद तशी नाही. कंबर बघा. ती वर जात नाहीये, खाली बसतेय. मागचे सांधे वाकतायत, पुढचे पाय छातीशी दुमडतायत, आणि अंग जमिनीशी जेमतेम तीस-पस्तीस अंशांचा कोन करून थांबलंय. सगळा भार त्या वाकलेल्या सांध्यांवर. स्वाराचा सुद्धा. माणसाने अर्धवट बैठक मारून कुणाला तरी खांद्यावर धरावं, तसं. दोन-चार सेकंद, आणि पुढचे खूर मातीला टेकतात, आवाज न करता.

हे मारून करून घेता येत नाही. दुखावलेला घोडा सांधे ताठ करतो, आणि ताठ सांध्याने लेवाद होत नाही. सौम्यपणा इथे नुसता चांगुलपणा म्हणून आलेला नाही, कामच तसं आहे.

शिवाय कोणता घोडा काय करणार, हे माणूस ठरवत नाही. एखादा मागच्या दोन पायांवर उड्या घेत पुढे जातो, ती कुर्बेत. एखादा हवेत झेपावून मागे लाथ झाडतो, ती काप्रिओल. काहींना यातलं काहीच जमत नाही, आणि ते जमिनीवरच्या चालींत नाव काढतात. पोडहाइस्कींच्या मते हा कल ओळखणं हेच शिक्षकाचं काम. घोडा चुकला की आधी स्वतःची मांड तपासायची, आपण सांगितलं ते त्याला कळलं का हे बघायचं. जमलं की तिथेच थांबायचं. ‘अजून एकदा’चा मोह टाळून खाली उतरायचं, साखर द्यायची, तबेल्यात पाठवायचं. आणि एक वाक्य स्वाराने मनाशी घोकायचं: ‘माझ्याकडे वेळ आहे.’

वेळच नसण्याचे दिवसही आले.

(पडद्यावर: युद्धकाळातली आगगाडी.)

1938 मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि शाळा जर्मन सैन्याच्या हाताखाली गेली. पोडहाइस्की त्याच सैन्याचे अधिकारी होते. ही गोष्ट सांगताना तेवढं वगळणं बरं नव्हे. घोड्या आणि शिंगरं तोवर बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, होस्टाऊला हलवली गेली होती. व्हिएन्नावर बाँब पडायला लागले, तेव्हा मार्च 1945 मध्ये नर घोडे आगगाडीत चढवून उत्तर ऑस्ट्रियातल्या सांक्ट मार्टिनला आणले गेले. आजूबाजूला उपाशी निर्वासित, आणि उपाशी माणसाला घोडा म्हणजे मांस.

7 मे 1945. पहाटेच फ्रान्समधल्या रीम्समध्ये जर्मनीच्या शरणागतीवर सह्या झाल्या होत्या. सांक्ट मार्टिनमध्ये अमेरिकेच्या जनरल पॅटनपुढे घोडे नाचले. शेवटी पोडहाइस्की घोडा घेऊन पॅटनसमोर आले, टोपी काढली आणि शाळेला संरक्षण मागितलं. पॅटन स्वतः 1912 च्या ऑलिंपिकमधला खेळाडू, घोड्यांचा शौकीन. तरी त्याने डायरीत लिहिलं ते मजेशीर आहे. जग युद्धात जळत असताना ही धडधाकट माणसं घोड्यांना पाय उचलायला शिकवत बसली, ही शक्ती वायाच गेली, असं त्याला वाटलं. पण कला कितीही निरर्थक असली तरी बुडू देऊ नये, हेही त्याने लिहिलं. संरक्षण मिळालं. होस्टाऊ अमेरिकी घोडदळाच्या तुकडीने एप्रिलअखेरीसच ताब्यात घेतलं होतं. तिथल्या घोड्या त्याच मे महिन्यात ऑस्ट्रियात आल्या.

शाळेला व्हिएन्नात परतायला 1955 उजाडलं.

(पडद्यावर: आजचा सकाळचा सराव. लांब दोरी धरलेला शिक्षक, वर्तुळात फिरणारा पांढरा घोडा, पाठीवर कोवळी विद्यार्थिनी.)

नव्या मुलांना इथे एलेव्ह म्हणतात. 2008 पासून मुलीही येतात. नव्याला कोरा घोडा कधी देत नाहीत. देतात तो म्हातारा, सगळं येणारा. रिकिबी काढलेल्या, लगाम हातात नाही, दोरी शिक्षकाकडे. अशी मांड बसवण्यात महिनेच्या महिने जातात. पूर्ण स्वार व्हायला आठ-दहा वर्षं, कधी जास्तच.

ही मुलगी डावीकडे झुकलीय. तिला पत्ता नाही. घोड्याला आहे. बघा, त्याने पाऊल आखूड केलं. शिक्षक गप्प. आणखी एक वर्तुळ. आता तिने कंबर सोडली, खांदे खाली आणले, आणि घोड्याचं पाऊल परत लांब झालं.

शिक्षक दोरी गोळा करतात. ती उतरते. हात मागे कोटाकडे जातो, पण तिच्या कोटाला अजून तो खिसा नाही. म्हाताऱ्याने मान केव्हाच शिक्षकांकडे वळवली आहे.