गुंज, मिरी आणि झटकून घातलेले बूट

नमस्कार, श्रोतेहो.

दरवर्षी दोन-तीन मुलं माझ्याकडे येतात आणि विचारतात, "मॅडम, इजिप्तला उत्खननाला जाता येईल का हो?" त्यांच्या डोळ्यांपुढे पिरॅमिड असतो, सोन्याचा मुखवटा असतो. मी आधी नकाशा पसरायला लावते. म्हणते, पिरॅमिड सोड, नाईलही सोड. पूर्वेकडे वाळवंट ओलांड आणि लाल समुद्राचा काठ गाठ. तिथे दक्षिणेला, साधारण अस्वानच्या रेषेत, बेरेनिके नावाचं बंदर होतं. आज तिथे वाळू, वारा आणि भिंतींचे पायथे दिसतात. मराठी मुलानं इजिप्तला जायचंच असेल तर माझं बोट नकाशावर इथेच टेकतं.

हे बंदर इजिप्तचा ग्रीक वंशाचा राजा दुसरा टॉलेमी यानं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात वसवलं आणि त्याला आईचं नाव दिलं. सुरुवातीला तिथे आफ्रिकेतून आणलेले लढाईचे हत्ती उतरवत. रोमन काळात मात्र खरी वर्दळ भारताच्या व्यापाराची. जुलैच्या सुमारास निघालेलं जहाज मोसमी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागायचं आणि थंडीत वारा फिरला की परतायचं. 1994 पासून तिथे शास्त्रशुद्ध खोदकाम चालू आहे. तिथल्या मोठ्या देवळाच्या आवारात, जमिनीत बसवलेल्या भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. भिंतींमध्ये सागवानाच्या तुळया मिळाल्या, बहुधा मोडीत काढलेल्या जहाजांच्या. आणि 2023 साली जाहीर झालं की तिथे 71 सेंटिमीटर उंचीची बुद्धमूर्ती, एक संस्कृत शिलालेख आणि सातवाहनांची दोन नाणी सापडली आहेत. सातवाहनांची, म्हणजे आपल्या पैठणकरांची! ही बातमी वाचली त्या दिवशी मी वर्गात शिकवलं काहीच नाही, नुसती बडबडत होते.

आता तयारीचं बोलू. सगळ्यात मोठा धोका विंचवाचा नसतो, कागदांचा असतो. इजिप्तमध्ये परदेशी पथकाला खोदायचं तर तिथल्या पुरातत्त्व खात्याची आणि सुरक्षा यंत्रणांची, दोन्ही परवानग्या लागतात. पथकातल्या प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्टची प्रत कित्येक महिने आधी द्यावी लागते. बेरेनिकेच्या भागात तर 2020 साली मोठा लष्करी तळ सुरू झाला, तेव्हा तिथे कोणी सहज फिरत फिरत जाऊ शकत नाही. पर्यटक व्हिसावर जाऊन चार दिवस खणून येऊ, हा विचार मनातही आणू नका. पैसे भरून शिकवणाऱ्या उत्खनन शिबिरांच्या जाहिराती येतात, त्यांतली काही उत्तम असतात. पण पैसे भरण्याआधी विचारा: परवाना कोणाच्या नावावर आहे, संचालक कोण, आजवरचे अहवाल कुठे छापून आले? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे खिशातच राहू द्या.

ड्रोन घरी ठेवा. परवानगीशिवाय तो तिथे जप्त होतो आणि चौकशी मागे लागते ती वेगळीच. औषधांचंही तसंच. आपल्याकडे दुखण्यावर डॉक्टर ट्रॅमाडॉल लिहून देतात, तिथे त्याच्यावर कडक नियंत्रण आहे आणि ते बॅगेत सापडल्यामुळे परदेशी प्रवासी तुरुंगात गेले आहेत. गोळ्या नेण्याआधी दूतावासात विचारा, चिठ्ठी जवळ ठेवा, आणि शेजारच्या काकूंनी कोणासाठी दिलेली पुरचुंडी तर मुळीच घेऊ नका. खोदायची करणी, म्हणजे गवंड्याच्या थापीसारखं हत्यार, हातातल्या बॅगेत ठेवू नका, ती विमानतळावरच काढून घेतील. माझी गेली आहे, पाच वर्षं हातात मुरलेली.

खोदकामाचा हंगाम थंडीचा असतो, म्हणून लोक गाफील राहतात. वाळवंटातली थंडी रात्रीची. दिवसा ऊन असतं, वारा असतो, आणि वाऱ्यात घाम लगेच सुकतो, त्यामुळे अंगातलं पाणी जातंय हे कळतच नाही. बेरेनिकेला गोडं पाणी नाही, ते बाहेरून आणावं लागतं, राहायचं तंबूत. म्हणून इथूनच सवय करा. तहान लागायची वाट न बघता घोट घोट पाणी प्या, जलसंजीवनीच्या पुड्या न्या. रुमाल, गॉगल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. दवाखाना काही तासांवर असतो, म्हणून धनुर्वाताचं आणि टायफॉइडचं इंजेक्शन निघण्याआधीच. विमा काढताना दुर्गम भागातून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते बारीक अक्षरांत वाचा.

बूट सकाळी उलटे करून झटकायचे. विद्यार्थिनी असताना मी आपल्याच देशातल्या एका उत्खननावर एकदा झटकले नाहीत. त्यानंतरच्या रात्रीचं वर्णन रेडिओवर करण्यासारखं नाही.

आणि एक, ज्याची भीती कोणालाच वाटत नाही: खड्ड्याची भिंत. काळ्या मातीत उभा कापलेला थर टिकतो, वाळूत तो न सांगता कोसळतो. काठावर उभं राहून फोटो काढायचे नाहीत, काठाशी मातीचा ढीग लावायचा नाही आणि खोल खड्ड्यात एकट्यानं उतरायचं नाही. पर्यवेक्षक ओरडला तर अपमान मानू नका.

एवढं सोसून हातात काय येतं? वस्तू म्हणाल तर काहीही नाही. 1983 च्या कायद्यानं तिथे सापडलेलं सगळं सरकारचं. खापराचा तुकडासुद्धा खिशात घालता येत नाही. नव्या शोधाचा फोटोही अधिकृत घोषणेआधी कोणाला पाठवायचा नाही. आईलासुद्धा नाही. ही अट आपल्या मुलांना फार जड जाते.

पण खणलेली माती चाळायच्या चाळणीपाशी बसल्यावर गंमत सुरू होते. बेरेनिकेच्या कचऱ्यात मिरीबरोबर तांदूळ मिळाला, मूग मिळाले, नारळाची करवंटी मिळाली, आवळा मिळाला, गुंज मिळाली. युरोपातून आलेल्या विद्यार्थ्याला गुंज हे एक लॅटिन नाव असतं. आपल्या मुलीनं ती सोनाराच्या तराजूच्या गोष्टीत ऐकलेली असते, रानात वेचलेली असते. तिथे प्राण्यांच्या दफनभूमीत भारतातून नेलेली माकडंही निघाली, जपून पुरलेली. कोणा रोमन अधिकाऱ्यानं हौसेनं पाळलेली असावीत. समुद्रावरच्या त्या प्रवासात त्या माकडांनी खलाशांना काय छळलं असेल, ते देवळाच्या पायरीवर प्रसाद घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला विचारा.

माणसांचंही तसंच. त्या वाळवंटातले अबाब्दा लोक पाहुण्याला जबाना देतात, आलं घातलेली कॉफी, चिमुकल्या कपात. आल्याच्या चहावर वाढलेल्या माणसाला ती पहिल्याच घोटाला आपली वाटते. स्वयंपाक्याकडे मिरी मागायची तर शब्द आहे 'फिल्फिल'. तो फारसीतून आला, आणि त्याच्या मुळाशी संस्कृत पिप्पली आहे, आपली पिंपळी. एवढं कामचलाऊ अरबी तरी जाण्याआधी शिकावं. मजुरांशी बोलता आलं नाही तर अर्धं उत्खनन कळत नाही.

म्हणून मी मुलांना आधी सातवाहनांच्या व्यापारी वाटेवरचा नाणेघाट चढायला लावते, तेर या जुन्या व्यापारी गावाचं संग्रहालय दाखवते, कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची, ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी कांस्यमूर्ती बघून यायला सांगते. या टोकाचा माल ज्यानं पाहिलेला नाही, त्याला त्या टोकाला तो ओळखता कसा येणार?

एक सराव घरीच करता येतो. पत्र्याच्या डब्यात थोडे मूग, तांदूळ, उडीद आणि मिरी घाला, झाकण लावून मंद आचेवर कोळसा होईपर्यंत भाजा. गार झाल्यावर सगळं मिसळा आणि भिंगाखाली एकेक दाणा ओळखत बसा. मूग आणि उडीद वेगळे करताना घाम फुटतो. उत्खननातले दाणे बरेचदा असेच येतात, जळलेले. स्वयंपाकघराच्या खिडक्या मात्र उघड्या ठेवा. मिरी जळायला लागली की ठसका सगळ्या वाड्याला लागतो.

नमस्कार.